गाईची बशी

“ऊर्मी, तुझी गाय जाड होत चालली आहे,” डोरीन इंग्रजीत म्हणाली. थंडी वाढते आहे, असं म्हणावं तशा आवाजात म्हणाली आणि पुन्हा आपल्या सूपकडे वळली. टेबलावर कोणी हसलं नाही. जेवताना जेवणाबद्दल बोलायचं नाही हा इथला पहिला नियम, आणि कोणाच्या जाड-बारीक असण्याबद्दल बोलायचं नाही हा दुसरा. पण दोन्ही नियम माणसांसाठी होते. गाईचा त्यात उल्लेख नव्हता. डोरीनने उभा जन्म एका मुलींच्या शाळेत लॅटिन शिकवलं होतं, नियमांतल्या फटी तिला अचूक दिसत. उल्हासने चावता चावता जबडा थांबवला. तिला अडवायला हवं होतं, निदान विषय बर्फाकडे वळवायला हवा होता. त्याला त्याचाच पगार मिळत होता. पण त्याची नजर आपोआप ऊर्मीच्या ताटाच्या उजवीकडे गेली. तिथे पांढऱ्या बशीत ग्रिल्ड चीज सँडविचचा तुकडा होता. तुकडा कसला, अर्धं सँडविच होतं ते. चांगलं तिरकं कापलेलं, बशीच्या दोन्ही कडांवरून बाहेर आलेलं. एवढ्या जवळ बसून आपल्याला हे दिसलं कसं नाही, असा प्रश्न त्याला पडला नाही. ते दिसत होतं. रोज दिसत होतं. आज फक्त दुसऱ्या कोणीतरी ते मोठ्याने म्हटलं होतं.

उल्हासचं काम जेवण्याचं होतं. कागदोपत्री तो असिस्टंट सायकॉलॉजिस्ट होता. पुण्यात कर्वे रोडला दुसऱ्या मजल्यावर त्याची स्वतःची पाटी होती, पाटीखाली बाक होता, आणि त्या बाकावर लोक आपली पाळी यायची वाट बघत. इथे परदेशात लायसन्स मिळेपर्यंत पाटी नाही, बाक नाही, आणि असिस्टंट ह्या शब्दाला वय नाही. हॅमिल्टनच्या वरच्या अंगाला जो कडा आहे त्याला गावातले लोक माउंटन म्हणतात. चिखलदऱ्याचा घाट पाहिलेल्या माणसाने त्यावर काही बोलू नये. त्या माउंटनवर एका विटांच्या बैठ्या इमारतीत मोठ्या माणसांसाठी खाण्याच्या विकारांचं दिवसाचं केंद्र होतं. सकाळी यायचं, दोनदा खायचं, मध्ये बोलायचं, संध्याकाळी घरी जायचं. असिस्टंटने प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, गटासाठी खुर्च्या गोल मांडायच्या आणि पेशंटांबरोबर जेवायला बसायचं. जे त्यांच्या ताटात तेच आपल्या ताटात, तेवढंच, तेवढ्याच वेळात, कुरकुर न करता आणि काही न टाकता. सामान्य माणूस कसा जेवतो त्याचं हे प्रात्यक्षिक. गट दोन होते, म्हणून दुपारची जेवणंही दोन होती. रोज दोनदा सामान्य माणूस व्हायचं म्हणजे दमायला होतं. पहिल्या वर्षी त्याचं पोट सुटलं, दुसऱ्या वर्षी जिभेवरची चव गेली, आणि आता तर घास तोंडात गेला की आपण पोस्टात पाकीट टाकतो आहोत असं त्याला वाटे: आत गेलं, आपलं काम झालं.

गाय आली ती ऊर्मीच्या पहिल्या दिवशी. ऊर्मी मूळची नागपूरची, वॉटर्लूला एका सॉफ्टवेअर कंपनीत दहाजणांकडून कामं करून घेणारी, अडतीस वर्षांची बाई. नवरा, शंतनु, सकाळी तिला तासभर गाडी हाकून आणायचा आणि मग दिवसभर पार्किंगमध्ये हीटर लावून, मांडीवर लॅपटॉप घेऊन तिथूनच नोकरी करायचा. पहिल्या दिवशी ऊर्मीने पावाचा बोटभर तुकडा तोडला, ताटाबाहेर ठेवला आणि डोळे मिटले. नर्सने विचारलं, हे काय? ऊर्मी म्हणाली, हे गाईचं. त्यावर टेबलावरच्या सगळ्यांनी उल्हासकडे पाहिलं. इतके दिवस ह्या इमारतीत त्याच्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. कॉफीचं मशीन बिघडलं की पाहत, पण तसं नाही. तो म्हणाला, हो, आमच्याकडे जेवणाआधी गाईसाठी घास काढून ठेवतात, जुनी पद्धत आहे. खोटं काहीच नव्हतं त्यात. दुपारी डॉक्टर कॅथलीनने त्याला खोलीत बोलावलं. कॅथलीन ह्या केंद्राची प्रमुख, वयाने त्याच्या धाकट्या मेहुणीपेक्षा लहान, मनाने फार चांगली. इतकी चांगली की तिच्यासमोर काही वाईट बोलायचं तर आधी तिची समजूत काढावी लागे. तिचे डोळे भरून आले होते. “तू नसतास तर आम्ही हिच्या श्रद्धेला लक्षण म्हणून मोकळे झालो असतो,” ती म्हणाली. आठवड्याभरात उल्हासला सगळ्या स्टाफपुढे गाईवर वीस मिनिटं बोलायला सांगितलं गेलं. त्याने स्लाइड केल्या. एका स्लाइडवर गाय होती, एकीवर दार होतं, एकीवर पोळी. टाळ्या पडल्या. डायटिशियन ब्रिजेटने स्वतःच्या खर्चाने छोटी पांढरी बशी आणली आणि ऊर्मीच्या आहाराच्या आराखड्यात एक ओळ घातली, की बशीतलं खाल्लेलं धरावं. कारण ते टाकलेलं नव्हतं, दिलेलं होतं.

राहता राहिली गाय. हॅमिल्टनच्या माउंटनवर गाय कुठून आणणार? घास कचऱ्यात टाकणं अपमानाचं होईल, असं स्टाफ मीटिंगमध्ये ठरलं. ते उल्हासला विचारून ठरवलं नव्हतं, पण त्याच्या वतीने ठरलं होतं. तेव्हा बशी त्यानेच न्यायची, इमारतीच्या मागे मेपलच्या झाडाखाली ठेवायची, मग जे येईल ती गाय. यायची ती बदकांसारखी मोठी राखाडी पाखरं, ज्यांना इथे हंस म्हणतात आणि ज्यांना सगळा देश भितो. ती दोन पावलांवर येऊन थांबत, मान वर करून उल्हासकडे बघत, आणि त्याने पाठ फिरवली की अंगावर यावं तशी खात. गोग्रास हंसांना घालणारा जगातला पहिला ब्राह्मण आपण असू, असं एकदा त्याने ऊर्मीला सांगितलं होतं तेव्हा ती खदखदून हसली होती. “बाप्पा! आता पितरांचं कोणाला घालून राहिले? खारुताईला?”

हे असं बोलणं. खरं तर सगळं ह्या बोलण्यापाशी होतं. उल्हास जन्माने अमरावतीचा. वीस वर्षांचा झाल्यावर पुण्याला गेला आणि पुण्याने त्याची भाषा घासूनपुसून, इस्त्री करून परत दिली. ‘करून राहिलो’चं ‘करतो आहे’ झालं, ‘काऊन’चं ‘का’ झालं. पुणेकर बायको मिळाल्यावर उरलंसुरलं ‘नं’ही गेलं. इथे आल्यावर तर मराठी हळूहळू सूचनांपुरतीच उरली: ड्राइव्हवे शोव्हल कर, विंटर टायर बदलून घे, बेसमेंटचा दिवा घालव. मुलगा ओजस वॉटर्लूला शिकायला होता, आणि बापाने मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देई, तेही प्रेमाने, जसं एखाद्याच्या हातातलं जड सामान आपण होऊन घ्यावं तसं. अशात ही बाई टेबलावर येऊन बसली आणि म्हणाली, “दादा, काय करून राहिले? लई बर्फ पडून राहिला नं!” उल्हासच्या कानामागे कुठेतरी एक खिडकी उघडली. तिथून गरम हवा आली. अमरावतीच्या मे महिन्यातली, राजापेठेच्या भाड्याच्या घरातल्या कूलरमधून येणारी, ओल्या वाळ्याचा वास असलेली हवा. जेवणाबद्दल बोलायचं नाही हा नियम. दोन वऱ्हाडी माणसांनी तासभर जेवणाबद्दल न बोलणं म्हणजे तपश्चर्याच. पण ते बाकीच्या सगळ्याबद्दल बोलत. संत्र्यांचे ट्रक उलटले की रस्त्यावर कशी जत्रा भरे ते. अंबाझरी तलावाच्या काठावर संध्याकाळी कोण कोणाला भेटायला येई ते. उन्हाळ्यात गच्चीवर पाणी मारलं की सिमेंटमधून येणारा आवाज. ऊर्मीला असलं काय काय आठवे, रोज नवं. टेबलावरच्या इतरांना काही कळत नसे. कॅथलीन म्हणे, चालू द्या, ती तिच्या भाषेत जेवते आहे. उल्हासला दुपारच्या पहिल्या जेवणाची चव लागत नसे, पण त्या वेळेची तो सकाळी गाडीत बसल्यापासून वाट बघे. आणि ती बोलत असताना तिचा उजवा हात काय करतो इकडे त्याचं लक्ष नसे. म्हणजे असे. पण तिथे बघितलं की ती बोलायची थांबे, म्हणून तो बघत नसे.

डोरीनच्या बोलण्यानंतर ऊर्मी शांतपणे उरलेलं अर्धं सँडविच जेवली. “म्हातारीला काय समजते गाईतलं,” ती हळूच म्हणाली, “नाही का हो दादा?” तो हसला. जेवण झालं, बशी उचलून तो मागच्या दाराने बाहेर आला. बाहेर नुसतं पांढरं होतं आणि हातात बशी होती, आणि बशीला वजन होतं. हाताला वजन कळतं. डोळ्यांना समजावता येतं, हाताला येत नाही. अमरावतीला त्यांच्या दाराशी दुपारी एक गाय येई, गल्लीच्या टोकाच्या दूधवाल्याची. तांबडी, एका शिंगाने वाकडी. आई तव्यावरच्या पहिल्या पोळीचा कोपरा तोडून तिच्या तोंडापाशी धरी. अंगठ्याएवढा तुकडा. गाय केवढी, घास केवढा, असं उल्हासने लहानपणी विचारलं होतं तेव्हा आई म्हणाली, “तिचं पोट भरायला नाही रे ते, आपली आठवण धरायला आहे.” मग गाय घास खाऊनही जात नसे, उभीच राही, आणि आई चौकटीला टेकून तिच्याशी बोले. उल्हासच्या बाबांबद्दल, बाबांच्या बहिणीबद्दल, घरमालकाबद्दल. गाय रवंथ करत ऐके. मान हलवत नसे, सहानुभूतीचे आवाज काढत नसे, वेळ संपली असं सांगत नसे. आपण पुढे ज्या धंद्यात पडलो त्यातली त्या गल्लीतली पहिली तज्ज्ञ तीच, असं उल्हासला पुढे पुष्कळदा वाटलं होतं. पण आता हातातली बशी घेऊन बर्फात उभं असताना त्याला वाटलं, त्या गाईला कोणी रोज थोडं थोडं वाढवत अर्धी पोळी दिली असती, आणि देणारं माणूस दारात दिवसेंदिवस वाळत गेलं असतं, तर तिने खाल्लं असतं का? खाल्लं असतं. गायच ती. हंस दोन पावलांवर येऊन थांबले होते. त्याने बशी उपडी केली आणि पाठ फिरवली.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये ऊर्मीचं नाव निघालं. नर्स म्हणाली, वजन पुन्हा उतरलंय आणि नाडी फार मंद लागते. हृदयाचा आलेख तिला आवडलेला नाही. ब्रिजेटला कळत नव्हतं: आराखड्याप्रमाणे ही बाई प्रत्येक जेवण शंभर टक्के संपवते. कॅथलीनने पेन टेबलावर आडवं ठेवलं; ती काळजीत असली की तसं करी. म्हणजे घरी काहीतरी चाललं असणार, ती म्हणाली. चोरून व्यायाम. जिन्यावर वरखाली. नवऱ्याला विचारायला हवं, कदाचित लपवत असेल तो. आणखी आठवडा असाच गेला तर इथे ठेवता येणार नाही. मोठ्या इस्पितळाच्या वॉर्डात पाठवावं लागेल, तोही हॅमिल्टनमध्ये जागा मिळाली तर, नाहीतर आणखी लांब. तिची मुलगी सात वर्षांची आहे, नर्स म्हणाली. श्रावणी, उल्हासने मनात नाव पुरवलं. आणि ती वॉर्डापर्यंत टिकली तर, नर्स पुढे म्हणाली आणि थांबली, आणि त्या थांबण्यात पार्किंगमध्ये हीटर लावून बसलेला शंतनु उल्हासला स्वच्छ दिसला. ज्याला उद्या सगळेजण संशयाने विचारणार होते, की तू बायकोला जिन्यावर पळू देतोस का. आता बोलावं, असं उल्हासला वाटलं. एकच वाक्य होतं. पण ते वाक्य बोललं की पुढची वाक्यं आपोआप येणार होती: कधीपासून, तुला कधी कळलं, आणि मग का नाही बोललास. ह्या शेवटच्याचं उत्तर इंग्रजीत कसं द्यायचं ते त्याला सुचत नव्हतं. मराठीतही सुचत नव्हतं. “उल्हास, तुला काही वाटतं?” कॅथलीनने विचारलं. “मी विचार करतो,” तो म्हणाला. सगळ्यांनी आदराने मान हलवली. विचार करणाऱ्या माणसाबद्दल ह्या देशात फार आदर आहे.

स्टोनी क्रीकच्या घरी पोचला तेव्हा छाया पोळ्या करत होती. ती एका औषधांच्या दुकानात काउंटरला होती, दिवसभर उभी राहून आलेली, तरी पोळ्या करत होती. “बस, गरम आहेत,” ती म्हणाली. “मला नको. ताक दे नुसतं.” तिने तवा उतरवला. “वा. परक्या बायकांबरोबर दोन-दोनदा जेवून यायचं, आणि लग्नाच्या बायकोच्या वाट्याला ताक.” “काम आहे गं ते.” “मला माहीत आहे काम आहे. लोकांचे नवरे काम करून येतात तेव्हा भूक घेऊन येतात, एवढंच म्हणते.” ती समोर बसली आणि एकटी जेवू लागली. तो ताकाचा पेला फिरवत राहिला. मग तो म्हणाला, “छाया, एखाद्या माणसाला तू मुद्दाम वजनात मारलंस, आणि त्याला ते कळलं, पण तो दुकानात येत राहिला, तर तो का येत असेल?” ती म्हणाली, “आम्ही गोळ्या मोजून देतो, वजनावर नाही.” मग त्याच्याकडे नीट बघत म्हणाली, “दुसरीकडे जायला दुकान नसेल त्याला. किंवा दुकानदारीण बोलायला गोड असेल. कोण आहे ती?” “पेशंट आहे. मरेल ती अशाने.” छायाने घास खाली ठेवला. “मग माझ्याशी काय बोलत बसलायस?” ती म्हणाली, आणि उठून त्याच्यापुढे, त्याने मागितली नसताना, अर्धी पोळी ठेवली. त्याने ती खाल्ली. चव लागली नाही, पण खाल्ली.

सकाळी तो कॅथलीनच्या खोलीच्या दारात तिची वाट बघत उभा होता. तिने कोट काढायच्या आधीच त्याने सांगितलं: व्यायाम नाही. गाय आहे. बोटभर तुकड्याचं अर्धं ताट झालं आहे, आणि मला कळत होतं. कॅथलीन कोटाची एक बाही हातात, एक खाली अशी बसली. मग ज्या प्रश्नाची तिला धास्ती होती तो तिने विचारला. “म्हणजे, मला चुकीचं समजू नकोस, पण त्या समाजातला माणूस म्हणून, ही श्रद्धा खरी नाही असं तू म्हणू शकतोस?” “गाय खरी आहे,” उल्हास म्हणाला, “घास खोटा आहे.” तिने ते कागदावर लिहून घेतलं, त्याला वाटलं, आता ह्याचीही स्लाइड होईल. ती पुढे म्हणाली की आराखडा बदलायचा तर चालीरीतींचा मान राखला जातो की नाही ते बघणाऱ्या समावेशकतेच्या ऑफिसला कळवावं लागेल, त्याला पंधरवडा जाईल. पण पंधरवडा नाही हे दोघांनाही माहीत आहे, तेव्हा बशी आजपासून बंद, ते ती स्वतःच्या सहीने करेल. “फक्त हे तिला तू सांग. तुमच्या भाषेत. आमच्याकडून आलं तर ते क्रूर होईल.” मग तिने विचारलं, “तू का बोलला नाहीस, उल्हास?” ती रागावली नव्हती, म्हणूनच ते अवघड होतं. “मला तिथे बसायला आवडत होतं,” तो म्हणाला. कॅथलीनने पेन आडवं ठेवलं. “ह्यावर आपण बोलू,” ती म्हणाली, “आज नाही.”

दुपारी भात होता आणि त्याच्याबरोबर मसुरीचं घट्ट, आळणी काहीतरी. ऊर्मी खांद्यावरची शाल सारखी करत बसली, शाल एवढी जड की तीच तिला धरून ठेवते आहे असं वाटावं, आणि हात उजवीकडे गेला. तिथे टेबल होतं नुसतं.

“दादा, बशी विसरले नं तुम्ही.”

“नाही विसरलो.”

“मग?”

“आज गाय नाही, ऊर्मी.”

ती हसली. “सुटी टाकली का तिनं?”

“कायमची.”

समोर डोरीनने मान खाली घातली आणि फार काळजीपूर्वक भाताकडे बघू लागली. तिला शब्द कळत नव्हते. बाकी सगळं कळत होतं. ऊर्मीचं हसू गेलं नाही, तिथेच राहिलं, फक्त त्यातून ती निघून गेली. “असं नका करू नं दादा. देवाचं आहे ते.” “देवाचं होतं तोवर अंगठ्याएवढं होतं,” तो म्हणाला, आणि आपण आईच्या आवाजात बोलतो आहोत हे त्याला कळलं, आणि इलाज नव्हता. “तुम्हीच सांगितलं नं सगळ्यांना? स्लाइडा दाखवल्या. आता तुम्हीच फिरून राहिले?” “हो. मीच.” “उल्हासदादा आहेत म्हणून मी येते, असं म्हटलं मी काल शंतनुला.” तो म्हणाला, “तुझ्या नाडीबद्दल सांगितलं त्यांनी मला काल. श्रावणीला…” “श्रावणीचं नाव नका घेऊ!” तिचा आवाज चढला, शेजारच्या टेबलावरून ब्रिजेटने पाहिलं. “टेबलावर धाक नाही घालायचा, नियम आहे नं तुमचा?” नियम होता. आपल्या भाताचा एक घास त्याने घेतला, कारण तेच त्याचं काम होतं. मग ती खालच्या आवाजात, अगदी सावकाश, एखादी वस्तू परत करावी तशी बोलू लागली.

“तुम्हाला काय वाटून राहिलं होतं, मी फुकट बोलत होती? संत्र्याचे ट्रक, अन् अंबाझरी, अन् कूलर? मला काय पडली हो अंबाझरीची? मला काहीच आठवत नव्हतं. मी घरी जाऊन आईला फोन करत होती, सांग गं उद्याला काय सांगू, काहीतरी जुनं सांग. आई म्हणे, तुला एकाएकी नागपूर काऊन आठवून राहिलं? तुमचं तोंड दिसत होतं नं मला. मी बोलली का तुम्ही ऐकत बसत होते अन् इकडे पाहत नव्हते. एवढंच पाहिजे होतं मला. तुम्हाला माहीत होतं. आता साळसूद नका बनू.”

उल्हासला वाटलं, आता काहीतरी होईल, छातीत कुठे दुखेल, कान तापतील. तसं काही झालं नाही. त्याला फक्त फार थकल्यासारखं वाटलं, जसं जिना चढून गेल्यावर आपलं बिऱ्हाड खालच्याच मजल्यावर होतं हे कळावं. पार नागपूरला एक म्हातारी बाई रोज रात्री आठवणी धुंडाळत होती, आणि त्या समुद्रापलीकडून येऊन त्याच्या पुढ्यात वाढल्या जात होत्या, आणि तो मिटक्या मारत होता. चव गेली आहे असं म्हणणारा माणूस. उन्हाळ्यात गच्चीवर मारलेल्या पाण्याचा आवाज त्या आईचा होता तर. त्याला त्या म्हातारीचं नावही माहीत नव्हतं. “माहीत होतं,” तो म्हणाला. “म्हणूनच बशी नाही.”

ती ताटाकडे बघत राहिली. भात गार होत होता. भिंतीवरच्या घड्याळाखालच्या खुर्चीत बसून नर्स वाट बघत होती. डोरीनचं जेवण संपलं, तिने रुमालाने तोंड पुसलं आणि उठायची मुभा असूनही ती उठली नाही. ती उल्हासशी बर्फाबद्दल बोलू लागली, ह्या वर्षी मार्चपर्यंत जाणार नाही असं रेडिओवर म्हणाले, वगैरे. उल्हास हो हो म्हणत राहिला. बर्फ कसा पडतो हा विषय माणसाला पुष्कळ वेळ धरून ठेवू शकतो. शेवटी ऊर्मी हलली. शाल मागे टाकली. चेहऱ्यावर काही नव्हतं. तिच्या कंपनीतल्या दहाजणांना हा चेहरा ओळखीचा असणार.

“कुड यू पास द सॉल्ट प्लीज, उल्हास?” ती म्हणाली. दादा नाही. उ दीर्घ, ल पातळ, स मऊ. इथले सगळे म्हणतात तसं. आणि तिने हात पुढे केला, तळवा वर, सरळ त्याच्यासमोर. मीठ कोणी कोणाच्या हातात देत नाही. अमरावतीला देत नाहीत, नागपूरला देत नाहीत; मिठाची वाटी खाली ठेवायची, समोरच्याने उचलायची, नाहीतर दोघांत भांडण होतं, हे पोराटोरांना ठाऊक असतं. मिठाची बाटली उचलून उल्हासने ती तिच्या ताटाशेजारी ठेवायला हात खाली नेला. तिचा तळवा तिथेच होता. तो हलत नव्हता. त्याने बाटली तिच्या हातात दिली. तिने मूठ मिटली, भातावर मीठ घातलं, जरा जास्तच घातलं, आणि त्याच्याकडे एकदाही न बघता खायला लागली.